दोन गाण्यांची सोयरीक

वैशाख महिन्यांत जळगांव किंवा धुळें शहराच्या कोणत्याहि वस्तींतून सायंकाळीं फिरावयास निघालें, तर एखाद्या तरी मांडवांतून गाण्याचा आवाज कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. दिवसभर उन्हानें तापलेलीं घरें नुकतीं निवूं लागलेलीं असतात, अंगणांत पाणी शिंपडलेलें असतें, आणि मांडवाच्या एका कडेला दोन उंच ध्वनिपेट्यांच्या मध्यें एक तरुण कानाला हेडफोन लावून उभा असतो. लोक त्याला 'डीजे' म्हणतात. हा शब्द अलीकडे माणसालाहि लावतात आणि त्याच्या अवजड ध्वनियंत्रणेलाहि लावतात; येथें मात्र माणूसच अभिप्रेत आहे.

प्रसंग नेहमींचाच असतो. एखादें अहिराणी गाणें चालू असतें. वरमाईपासून नवरदेवाच्या आत्या-मावश्यांपर्यंत साऱ्या बायका पदर खोचून नाचत असतात. इतक्यांत मुलांची फर्माईश येते. त्यांना 'टेक्नो' पद्धतीचें 'रीमिक्स' हवें असतें. डीजे तें लावतो. क्षणभर दोन्ही गाणीं एकमेकांवर आदळतात, ढोलाचे ठोके दुहेरी पडतात, एका गाण्याचे सूर दुसऱ्याच्या सुरांना बोचूं लागतात आणि नाचणारांचीं पावलें थबकतात. मुलें सांवरून पुन्हां नाचूं लागतात; परंतु आत्या-मावश्या एकदां खुर्चीवर जाऊन बसल्या म्हणजे पुन्हां उठत नाहींत. रंग कमी पडला असें वाटून डीजे आवाज वाढवितो. वास्तविक उणीव आवाजाची नसते, सांध्याची असते.

हा सांधा दोन गोष्टींवर अवलंबून आहे : एक लय आणि दुसरी पट्टी. सोयरीक ठरवितांना शहाणीं माणसें दोन्ही घरांची नीट चौकशी करतात. चौकशी न करतां घाईनें लावून दिलेलें लग्न पुढें सर्वांनाच जड जातें. गाण्यांचेंहि तसेंच आहे. कोणतें गाणें कोणत्या गाण्याशीं, किती वेगानें आणि कोणत्या सुरावर जोडावें, याचें एक शास्त्र आहे. आणि तें जितकें यंत्राचें आहे तितकेंच आपल्या जुन्या संगीताचेंहि आहे.

आरंभीं दोन शब्दांचा उलगडा करणें इष्ट. 'रीमिक्स' म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणांतील गळा किंवा चाल कायम ठेवून भोंवतालची वाद्यरचना नव्यानें केलेलें मुद्रण. 'टेक्नो' ही नृत्यसंगीताची एक जात आहे. मोटारींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या परिसरांत १९८० नंतरच्या दशकांत ती वाढली. वॉन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन या तीन शाळासोबत्यांचीं नांवें तिच्या आरंभाशीं जोडलेलीं आहेत, आणि १९८८ सालीं इंग्लंडांत निघालेल्या एका संग्रहामुळें तिचें नांव सर्वतोमुखीं झालें. या संगीतांत ढोलाचा ठोका यंत्र वाजवितें आणि प्रत्येक मात्रेवर न चुकतां वाजवितें. मिनिटाला सुमारें १२० ते १४० ठोके ही त्याची सामान्य चाल होय.

असलें यंत्र आणि आपली चाल यांची गांठ महाराष्ट्रांत कांहीं आज पडलेली नाहीं. चरणजित सिंग या मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादकानें १९८२ सालींच रोलंड कंपनीचें तालयंत्र व सिंथेसायझर घेऊन दहा रागांची एक तबकडी तयार केली होती. त्या वेळीं तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. परंतु २०१० सालीं ती नेदरलँड्समध्यें पुन्हां निघाली तेव्हां तिकडील रसिक आश्चर्यानें थक्क झाले. तात्पर्य, यंत्राचा ठोका आणि आपले सूर यांचें जन्मजात वैर नाहीं. वैर उत्पन्न होतें तें जुळवणींतील चुकीमुळें.

प्रथम लयीचा विचार करूं. मिनिटाला किती ठोके पडतात त्या संख्येला डीजेलोक 'बीपीएम' म्हणतात. एका गाण्याचे मिनिटास १२८ ठोके असतील, तर दोन ठोक्यांमधील अंतर ६० भागिले १२८, म्हणजे ०.४६९ सेकंद होतें. दुसऱ्या गाण्याचे ठोके १२६ असतील, तर तेंच अंतर ०.४७६ सेकंद होतें. फरक अवघा एका सेकंदाच्या हजारांशांपैकीं सात अंशांचा. तो कानाला कसा जाणवावा, असा प्रश्न कोणीहि विचारील. परंतु सावकाराच्या व्याजाप्रमाणें हा फरक सांचत जातो. पांच सेकंदांतच ठोके फुटल्यासारखे ऐकूं येतात. पंधरा सेकंदांनीं एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या नेमका मध्यावर पडतो. एका मिनिटांत तर एक गाणें दुसऱ्याच्या पूर्ण दोन ठोके पुढें निघून जातें. गाडीला जुंपलेल्या जोडींतला एक बैल पुढें ओढूं लागला आणि दुसरा मागें रेटूं लागला म्हणजे गाडीची जी गत होते, तीच नाचणाराच्या पावलांची होते.

यावर उपाय उघड आहे : दोहोंपैकीं एका गाण्याचा वेग बदलून दोन्ही ठोके एका मापाचे करावयाचे. न्यूयॉर्कमध्यें १९७० च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो नांवाच्या तरुणानें दोन तबकड्यांचे ठोके कानानें जुळवून गाणें न थांबवितां पुढें नेण्याची रीत रूढ केली. जपानच्या टेक्निक्स कंपनीनें १९७२ सालीं एसएल-१२०० हें तबकडी फिरविणारें यंत्र काढलें, आणि १९७९ च्या त्याच्या सुधारलेल्या नमुन्यांत एक सरकती दांडी बसविली. तिनें तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी किंवा अधिक करतां येई. आज बहुतेक डीजेंच्या हातीं तबकडीच्या जागीं लॅपटॉप असतो. परंतु ती दांडी मात्र अजून तशीच आहे.

केवळ वेग सारखा झाला म्हणजे काम भागलें असें मात्र नाहीं. तबला आणि गायक एकाच लयींत असूनहि समेवर एकत्र आले नाहींत, तर मैफलीचा विरस होतो. टेक्नो संगीतांत चार ठोक्यांचा एक गट असतो, आणि बहुधा आठ गटांनंतर, म्हणजे ३२ ठोक्यांनंतर, एखादें नवें वाद्य येतें किंवा चालू असलेलें थांबतें. मिनिटास १२८ ठोक्यांच्या गतीनें हे ३२ ठोके बरोबर १५ सेकंदांत पुरे होतात. हें त्या संगीताचें एक मोठें आवर्तनच म्हणावयाचें. जाणता डीजे नवें गाणें मनाला येईल तेव्हां सुरू करीत नाहीं. चालू गाण्याचें आवर्तन संपून नवें ज्या क्षणीं उगवतें, त्या क्षणाची तो हेडफोनमध्यें वाट पाहतो आणि समेवर सम ठेवतो.

खानदेशांतील लग्नांत येथें आणखी एक अडचण उभी राहते. कित्येक पारंपरिक चालींचा ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगाचा असतो. टेक्नोचा हिशेब तर सगळा चाराचा. सहा आणि चार यांचा मेळ कसा घालावा ? सहा मात्रांचे तीन-तीनांचे दोन गट पाडावे आणि प्रत्येक गटास एक ठोका मानावा. म्हणजे मिनिटास १२८ गटांचें गाणें १२८ ठोक्यांच्या टेक्नोशीं पावलांपुरतें जुळतें. पावलांपुरतें म्हणण्याचें कारण असें कीं, एका ठोक्याच्या पोटांत पहिलें गाणें तीन भाग पाडतें आणि दुसरें दोन किंवा चार भाग पाडतें. हे बारीक भाग एकमेकांना घांसतातच. म्हणून अशा ठिकाणीं सांधा लांबवूं नये. आठ-दहा सेकंदांत काम उरकून मोकळें व्हावें, हें उत्तम.

आतां पट्टी. जुन्या ग्रामोफोनची चावी उतरूं लागली कीं गाणें मंदावे, आणि मंदावतां मंदावतां गायकाचा गळाहि खालीं खालीं घसरे. ज्यांनीं तो ऐकला आहे, त्यांना येथील मुख्य तत्त्व शिकविण्याची गरज नाहीं. सूर म्हणजे हवेचीं कंपनें. तबकडी सावकाश फिरली कीं सेकंदाला होणारीं कंपनें कमी होतात आणि सूर उतरतो. ती जलद फिरली कीं सूर चढतो. लय आणि पट्टी या अशा रीतीनें एकाच दोरानें बांधलेल्या आहेत.

किती वेगाला किती सूर, याचाहि हिशेब आहे. पेटीवर मध्य सप्तकांतील पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनें देते. लंडन येथें १९३९ सालीं भरलेल्या परिषदेंत हें माप आंतरराष्ट्रीय म्हणून ठरलें. एका सप्तकांत पांढऱ्या-काळ्या मिळून बारा पट्ट्या. सप्तक ओलांडलें कीं कंपनें दुप्पट होतात. ही दुप्पट बारा सारख्या पायऱ्यांत वांटली तर एका पायरीला, म्हणजे एका अर्धस्वराला, जवळजवळ सहा टक्के वाढ येते. म्हणून मोटा नियम असा : वेग सहा टक्के वाढविला कीं पट्टी एका घरानें पुढें सरकते. १२६ ठोक्यांचें गाणें १२८ वर नेलें तर वाढ दीड टक्क्याच्या आसपास, आणि सूर अर्धस्वराच्या सुमारें चौथाईनें चढतो. सामान्य कानाला तें खपतें. परंतु त्यापुढें गेलें कीं खपत नाहीं.

मैफलींत पुरुष गायकाचें गाणें संपून गायिका बसली म्हणजे तंबोरे नव्यानें लावावे लागतात. पुरुष सामान्यतः काळी एकच्या आसपास गातो, तर स्त्रीचा गळा काळी चार किंवा काळी पांचच्या आसपास खुलतो. तंबोरे लागेपर्यंत श्रोते पानसुपारी घेतात आणि पहिला षड्ज कानांतून आपोआप विरून जातो. डीजेला ही सवड नाहीं. त्याला पहिला षड्ज कानांत असतांनाच दुसरा आणावयाचा असतो. तेव्हां कोणत्या पट्टीला कोणती पट्टी मानवते, हें त्याला आधींच ठाऊक असावें लागतें.

या कामासाठीं डीजेलोक एक चक्र वापरतात. त्याला 'कॅमेलॉट चक्र' असें नांव आहे. घड्याळाच्या तबकडीवर एक ते बारा आंकडे असतात, तशा येथें बारा पट्ट्या मांडलेल्या असतात. प्रत्येक आंकड्यापुढें 'ए' किंवा 'बी' हें अक्षर येतें. 'बी' म्हणजे मेजर. त्याचे स्वर आपल्या बिलावल थाटासारखे. 'ए' म्हणजे मायनर. त्याचे स्वर ढोबळ मानानें आसावरी थाटासारखे. चक्रावरील क्रम मात्र पेटीवरील क्रमानें जात नाहीं. तेथें प्रत्येक पट्टीच्या शेजारीं तिच्या पंचमाची पट्टी बसविलेली असते. पांढरी एकनंतर तिचा पंचम पांढरी पांच; पांढरी पांचनंतर तिचा पंचम पांढरी दोन; मग पांढरी सहा, पांढरी तीन, पांढरी सात, काळी तीन, काळी एक, काळी चार, काळी दोन, काळी पांच, पांढरी चार; आणि बारावी उडी पुन्हां पांढरी एकवर. पेटी जवळ असेल त्यानें ही प्रदक्षिणा एकदां बोटांनीं करून पाहावी.

शेजारच्या पट्ट्या कां मानवतात, याचें उत्तर स्वरांच्या मोजणींत आहे. पांढरी एकचा बिलावल आणि पांढरी पांचचा बिलावल यांच्या सात स्वरांपैकीं सहा स्वर अगदीं तेच असतात. फक्त पहिल्याच्या शुद्ध मध्यमाच्या जागीं तीव्र मध्यम येतो. तेव्हां दोन्ही गाणीं क्षणभर एकदम वाजलीं तरी भांडणाला एकच जागा उरते. उलट, चक्रावर समोरासमोर असलेल्या पट्ट्या घेतल्या तर सातांपैकीं दोनच स्वर समान निघतात आणि पांच स्वर एकमेकांच्या अंगावर धांवून येतात. तिसरी गोष्ट अशी कीं, बिलावलाच्या धैवताला षड्ज मानलें म्हणजे स्वर न बदलतां आसावरी होते. म्हणून पांढरी एकचा मेजर आणि पांढरी सहाचा मायनर यांना चक्रावर आंकडा एकच दिलेला आहे. एक '८बी', तर दुसरा '८ए'. यावरून नियम सोपा होतो : आंकडा तोच ठेवावा, किंवा एका घरानें मागेंपुढें जावें, किंवा आंकडा तोच ठेवून अक्षर बदलावें.

भरताच्या नाट्यशास्त्रांत ज्या स्वरांमध्यें नऊ किंवा तेरा श्रुतींचें अंतर असतें त्यांना संवादी म्हटलें आहे. षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम हीं तीं अंतरें होत. पंडित जसराज यांनीं योजिलेल्या 'जसरंगी' जुगलबंदींत गायक आणि गायिका आपापल्या षड्जावरून निरनिराळे राग एकाच वेळीं गातात. गायकाचा मध्यम तोच गायिकेचा षड्ज असतो, आणि त्यामुळें दोघांचीहि मर्यादा राहते. परदेशी नांवाच्या त्या चक्रांत फिरतो आहे तो आपला हाच जुना संवाद.

आतां एक उदाहरण सोडवून पाहूं. समजा, मांडवांत चालू असलेलें अहिराणी गाणें काळी एकच्या मायनरमध्यें आहे आणि त्याचे ठोके मिनिटास १२० आहेत. पुढें लावावयाचें टेक्नो रीमिक्स काळी चारच्या मायनरमध्यें, १२८ ठोक्यांचें आहे. चक्रावर पहिल्याचें घर '१२ए' आणि दुसऱ्याचें '१ए'. बारानंतर एकच येतो, तेव्हां दोन्हीं घरें शेजारचीं. पत्रिका उत्तम जुळली. आतां लय जुळविण्यासाठीं अहिराणी गाण्याचा वेग दांडीनें वाढविला. १२० वर ८ म्हणजे पावणेसात टक्क्यांना किंचित् कमी. सहा टक्क्यांना एक अर्धस्वर, या नियमानें गाणें काळी एक सोडून पांढरी दोनच्या थोडें वर जाऊन बसलें. पांढरी दोनच्या मायनरचें घर '७ए'. आणि सात हा आंकडा एकाच्या नेमका समोर ! लय जुळली, परंतु जी घरें शेजारचीं होतीं तीं एकमेकांच्या उलट तोंडाचीं झालीं. पुष्कळ डीजे येथेंच फसतात. त्यांनीं मूळ गाण्यांच्या पट्ट्या पाहिलेल्या असतात. दांडी सरकविल्यानंतरच्या पट्ट्या पाहिलेल्या नसतात.

दोघांनींहि थोडें थोडें सरकून १२४ वर भेटावें, असें कोणी सुचवील. परंतु हिशेब करणाराला दिसेल कीं त्यानें कांहींच साधत नाहीं. अहिराणी गाणें अर्ध्या अर्धस्वराहून थोडें वर चढतें आणि रीमिक्स तितकेंच खालीं उतरतें. दोहोंमधील अंतर होतें तेंच राहतें.

खरे उपाय तीन आहेत. पहिला यंत्राचा. आजच्या यंत्रांत 'की लॉक' नांवाची कळ असते. ती दाबली कीं वेग बदलला तरी पट्टी ढळत नाहीं. यंत्र आवाजाचे सेकंदाच्या लहान लहान अंशांइतके तुकडे करतें आणि ते एकमेकांवर थोडे अधिक किंवा थोडे कमी चढवून पुन्हां सांधतें. तुकड्यांतील कंपनें तींच राहतात, म्हणून सूर तोच राहतो. परंतु ताण फार दिला तर सांधे ऐकूं येऊं लागतात, आणि गाणाऱ्या बाईचा गळा पाण्याखालून आल्यासारखा लागतो. येथें मात्र १२४ वर भेटण्याची युक्ति कामास येते. कारण ताण दोघांत वांटला जातो. दुसरा उपाय धीराचा. १२० वरून १२८ वर एकदम उडी न मारतां मध्यें १२२, १२४, १२६ अशीं तीन गाणीं घ्यावीं. चढ इतका हळू येतो कीं नाचणाराला वेग वाढल्याचें कळत नाहीं. फक्त अंगांत उमेद आल्यासारखें वाटतें. तिसरा उपाय जागेच्या निवडीचा. पुष्कळशा टेक्नो रीमिक्सांच्या आरंभीं आणि शेवटीं केवळ ढोलाचे ठोके असतात, चाल नसते. डीजेच्या सोयीसाठींच ती जागा मोकळी सोडलेली असते. अहिराणी गाण्याचा अखेरचा स्वर त्या मोकळ्या जागेंत विरूं दिला, तर दोन पट्ट्यांची समोरासमोर गांठच पडत नाहीं.

गाण्याची पट्टी आणि ठोके मोजून आंकडा सांगणारीं यंत्रसाधनें आज सहज मिळतात, आणि त्यांच्यावर भिस्त ठेवणें सोयीचेंहि असतें. परंतु तीं चुकतात, आणि आपल्या गाण्यांच्या बाबतींत विशेष चुकतात. ६४ ठोक्यांचें गाणें १२८ ठोक्यांचें आहे असें तीं सांगतात. षड्जाऐवजीं पंचमालाच षड्ज समजतात. भैरवीसारखा कोमल ऋषभाचा थाट पुढें आला तर त्याला मेजर-मायनर या दोनच कप्प्यांपैकीं एकांत कोंबतात. जुन्या गाण्यांत तर आणखी पंचाईत. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काळीं खानदेशांतील बायका जात्यावर ओव्या म्हणत, त्यांना पेटीचाहि आधार नसे आणि घड्याळाचाहि नसे. दळण भरड असलें तर लय एक, बारीक असलें तर दुसरी; आणि षड्ज ज्या त्या गळ्याला सोसेल तो. आखाजीचीं किंवा कानबाईचीं गाणीं बायकांच्या तोंडून जशींच्या तशीं मुद्रित केलीं, तर त्यांचा सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्यें कोठें तरी सांपडतो आणि लय कडव्याकडव्याला श्वास घेते. अशा गाण्याला टेक्नोच्या चौकटींत बसवितांना यंत्राचा आंकडा हा केवळ तर्क समजावा. पेटीवर षड्ज शोधावा, ठोके पायानें मोजावे आणि मग निर्णय करावा. वांकवावयाचेंच झालें तर यंत्राला वांकवावें. त्याला वेदना नाहीं, गळ्याला आहे.

शेवटचा मुद्दा आवाजाचा. मिसळणीच्या यंत्रावर प्रत्येक गाण्यासाठीं तीन कळा असतात. ढोबळ मानानें त्या मंद्र, मध्य आणि तार अशा तीन भागांच्या म्हणतां येतील. दोन गाणीं एकदम चालू असतांना दोहोंचे खर्ज उघडे ठेवले, तर एका ढोलावर दुसरा ढोल पडून ध्वनि जड आणि चिखलासारखा होतो. म्हणून नव्या गाण्याचा खर्ज बंद ठेवून तें आंत घ्यावें. समेवर जुन्याचा खर्ज उतरवावा आणि त्याच क्षणीं नव्याचा उघडावा. मांडवांत एका वेळीं एकच ढोल असावा, हा नियम वाजंत्र्यांनाहि नवा नाहीं.

सांधा बिघडला म्हणजे आवाज वाढविण्याचा मोह होतो, हें वर आलेंच आहे. परंतु कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून डेसिबेलच्या मापानें सुमारें दहानें वाढ करावी लागते, आणि तेवढ्यासाठीं दहापट शक्ति लागते. शेजारच्या घरांतील तान्हें मूल, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आणि अंथरुणाला खिळलेलें वृद्ध माणूस यांना त्या दहापटीचा वांटा न मागतां मिळतो. ध्वनिप्रदूषणाविषयींच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळांत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास त्यांत बंदी आहे. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठीं मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते, ती वर्षांतील फार तर पंधरा दिवसांपुरती. खानदेशच्या उन्हाळ्यांत सूर्य मावळल्यावरच अंगणांत पाऊल ठेववतें. तेव्हां मांडवाच्या हातीं खरा वेळ उरतो तो दोन-अडीच तासांचाच. तो गोंगाटानें भरावा कीं गाण्यानें, हें त्या दोन ध्वनिपेट्यांमध्यें उभ्या असलेल्या तरुणाच्या कानावर अवलंबून आहे.

त्यानें दुपारीं तासभर बसून गाण्यांच्या पट्ट्या पेटीवर तपासल्या, ठोके मोजले, कोणत्या गाण्यामागून कोणतें घ्यावयाचें तें कागदावर मांडलें, तर सायंकाळचें चित्र पालटतें. अहिराणी गाण्याचा अखेरचा सूर विरतो, त्याच लयींत नवा ठोका येतो, समेवर खर्ज बदलतो आणि रीमिक्स सुरू होतें. मुलांना हवें तें मिळतें. आणि आत्या-मावश्यांना गाणें कोठें बदललें तें कळतहि नाहीं, कारण त्यांचें पाऊल चुकलेलें नसतें. वरमाईच्या शेजारीं तिचा भाचा नाचत असतो. दहा वाजतां यंत्र बंद होतें, तेव्हां दोघेंहि अजून मांडवांत उभीं असतात.